वन्सं टेलिफोनवर असतात

माझ्या मोठ्या नणंदेबद्दल कुणी विचारलं की आमच्या घरात एक उत्तर तयार असायचं. "त्या हॉटेलात टेलिफोनवर असतात." लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. त्या मटार सोलत होत्या, मी समोर बसले होते.

"आणि कुणी फारच खोदून विचारलं तर?" मी म्हटलं.

"तर म्हणायचं, दूध उतू चाललंय. आणि आत यायचं."

पुढे माझ्या हातून इतकं दूध उतू गेलं, की शेजारणीला वाटलं असेल या घरात गाय बांधलेली आहे.

उत्तर अगदीच खोटं नव्हतं. शाळा संपल्यावर वन्सं खरंच शहरातल्या जुन्या मोठ्या हॉटेलात टेलिफोनच्या बोर्डावर लागल्या होत्या. जिन्याखाली एक अरुंद खोली, भिंतीवर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला जड यंत्र लावून दोऱ्या इकडून काढायच्या आणि तिकडे खोचायच्या. पण तिथं त्या जेमतेम दोन-तीन वर्षं होत्या. नंतरची सगळी हयात त्या त्याच हॉटेलच्या जेवणाच्या दालनात, मंचावर उभं राहून गायल्या. जॅझ गायल्या. मधल्या काळात बोर्ड गेला, खोल्याखोल्यांत आपोआप लागणारे फोन आले, मग माणसांच्या खिशात फोन आले. आमच्या घरात मात्र वन्सं टेलिफोनवरच राहिल्या.

रोज प्रार्थना झाली की वहीत एक पान लिहायची मला सवय आहे. कोण आजारी आहे, कुणासाठी काय मागितलं, डाळ करपली, असलं. वन्संच्या वाट्याला त्यात "सोमवारी वन्सं येऊन गेल्या" यापलीकडे काही आलेलं नाही. म्हणून हे आठवेल तसं लिहिते आहे. क्रम चुकला तर चुकला.

त्या गाण्याकडे कशा वळल्या ते मला बँडमधल्या पियानोवाल्यांनी सांगितलं. ते तेव्हा हॉटेलातच वरच्या मजल्यावर राहत. एके सकाळी कॉफी थंड आली म्हणून तक्रार करायला त्यांनी फोन उचलला. वन्सं म्हणाल्या, "थांबा हं, जोडते," आणि स्वयंपाकघरातून कुणी फोन घेईपर्यंत आपल्याशीच गुणगुणायला लागल्या. चाल आदल्या संध्याकाळी बँडनं वाजवलेलीच होती, जिन्याखालच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. पण ही मुलगी ती जरा मागे राहून म्हणत होती. ठोका पडून जायचा आणि मग तिचा शब्द सावकाश येऊन बसायचा, सगळे पाहुणे बसल्यावर घरातली बाई शेवटी टेकते तसा.

"आता मागे पडणार, आता पडणार असं वाटायचं, आणि पडायची नाही," पियानोवाले म्हणाले. "मी कॉफी विसरलो आणि खाली गेलो. बघतो तर दोन वेण्या घातलेली पोरगी. म्हटलं, तुम्ही आमच्याबरोबर गाल का? तर म्हणते, आधी कॉफीचं सांगा, स्वयंपाकघर लाइनवर आहे."

बँडची माणसं त्यांना सावकाशबाई म्हणायची. आमच्याकडे कुणी हे नाव उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

घरी कळलं तेव्हा मामंजी ओरडले नाहीत. ते शाळेत गणित शिकवायचे, दोन वेळा प्रार्थनेला बसायचे, आवाज चढवणं त्यांना शोभत नसे. एवढंच म्हणाले, "या घरात देवाचं गाणं होईल. दुसरं होणार नाही."

वन्सं म्हणाल्या, "बरं."

मामंजींना वाटलं, पोरगी ऐकली. पोरीनं घरापुरतंच ऐकलं होतं. महिन्याभरात तिनं चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेतली आणि सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, माहेरी यायला लागली. संत्री घेऊन यायची, आईला भाजी निवडू लागायची, चहा पिऊन जायची. पण घरात गायची नाही. मामंजी गेले, तरी नाही. आमची मुलगी तान्ही असताना रडून घर डोक्यावर घ्यायची. वन्सं तिला खांद्यावर टाकून पाठीवर बोटांनी ठेका धरायच्या, पोर निवायची, पण वन्संचं तोंड मिटलेलं.

"एक अंगाई म्हटली तर काय बिघडतंय, वन्सं?" मी एकदा म्हटलं.

"शब्द दिलाय."

"मामंजी तर गेले."

"ते गेले. माझा शब्द कुठं गेलाय?"

लग्नाचं एकदा जमत आलं होतं म्हणे. मुलगा चांगल्या कचेरीत होता, शांत होता. म्हणाला, गाण्याला माझी हरकत नाही, घरात हवं तेवढं गा. वन्सं म्हणाल्या, "घरात शिट्टी मारायला मी काय कुकर आहे?" सासूबाई हे सांगताना कपाळाला हात लावायच्या आणि ओठ दाबून हसायच्याही.

दुसरी गोष्ट हॉटेलच्या मॅनेजरची. बँडच्या लोकांना जेवण मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर मिळायचं. गायिकेला आत टेबल होतं. वन्सं मंचावरच्या पोशाखात जाऊन ड्रमवाल्याशेजारी पायरीवर बसल्या आणि सूप प्यायला लागल्या. पाहुण्यांच्या मोटारी त्याच बाजूनं यायच्या. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, बरं दिसत नाही." वन्सं म्हणाल्या, "दिसत नाही ना? मग टेबल मोठं घ्या." टेबल मोठं झालं.

आणि तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला होता, ती गोष्ट. त्यानं वन्संना एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. वन्सं दर वेळी निराळं म्हणायच्या.

"बाई, मघाशी म्हटलंत तसं म्हणा."

"मघाचं मघाशी झालं."

"अहो, पण मग लोकांनी विकत काय घ्यायचं?"

"ते तुम्ही बघा," म्हणून त्यांनी छत्री उचलली आणि निघाल्या. त्यामुळे त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. ही हकिकत त्यांनी आमच्याकडे चहा पिता पिता सांगितली तेव्हा माझे यजमान म्हणाले होते, "बरं झालं. नाहीतर दुकानादुकानांत फोटो लागला असता." वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. आज ते वाक्य आठवलं की हे खोलीतून उठून जातात.

मी स्वतः देवाधर्माची बाई. वन्संसाठी रोज मागायची, देवा, यांना चांगली वाट दाखव. त्यांना ते ठाऊक होतं.

"माझ्यासाठी प्रार्थना करतेस ना गं?"

मी मान खाली घातली.

"मग एवढं माग की माझे दात शाबूत राहू देत. दात गेले की अर्धी अक्षरं वाऱ्यावर जातात."

मी मागितलं. चांगल्या वाटेबरोबर दातांचंही मागायला लागले. दात शेवटपर्यंत राहिले.

आता सासूबाईंचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या अर्धांगवायूनं गेल्या. सकाळची वेळ होती, मी चुलीपाशी, सासूबाई आणि हे टेबलाशी चहा घेत होते. अचानक सासूबाईंचे शब्द गेले. तोंडातून "बा दू, दू बा" असलं काहीतरी यायला लागलं. यांना वाटलं, आई कुणाची तरी नक्कल करते आहे. सासूबाई नकला फार छान करायच्या. हे हसले. "आणखी कर," म्हणाले. मग कप खाली पडला. त्यानंतर सासूबाई पुन्हा एकही शब्द बोलल्या नाहीत, आणि यांनी त्या हसण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी पाहिलं होतं, आणि वन्संना यांनी स्वतः सांगितलं होतं. बस्स, तिघांनाच माहीत.

मग कितीतरी वर्षांनी, वन्संचे केस पांढरे झाल्यावर, तो सोमवार आला. त्या संत्री घेऊन आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "दालन बंद करतायत. तिथं बैठकांच्या खोल्या काढणार आहेत. या रविवारी दुपारी आमचं शेवटचं."

"अरे वा, आता विश्रांती," हे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"छोट्या, येशील?"

"बघतो."

"तुझं 'बघतो' मी तू रांगत होतास तेव्हापासून बघतेय."

"तसं नाही गं ताई. तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर..."

"तर सांग, बहिणीला फोन लावायला आलो होतो."

मला हसू आलं, ते मी गिळलं. वन्सं मात्र हसायच्या थांबल्या होत्या. त्यांनी यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली केलं.

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. एकदा येऊन ऐक. नाही आवडलं तर नाही. पण न ऐकता नको म्हणत बसू नकोस. इतकी वर्षं तू न ऐकताच लाजतोयस."

यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. रविवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर त्यांनी आपला चांगला कोट काढून खुर्चीवर टाकला, तेव्हा मला कळलं की आम्ही जाणार.

दालन मी पहिल्यांदाच पाहिलं. उंच खिडक्या, दुपारचं ऊन, पांढऱ्या मेजपोशांना कोपऱ्यांत रफू केलेलं. मंच जेमतेम वीतभर उंच. यांनी खांबामागचं टेबल धरलं, तिथून मंच अर्धाच दिसायचा आणि आम्ही कुणाला दिसत नव्हतो. निदान आम्हाला तसं वाटलं. सूप येतंय तोवर आमच्या प्रार्थनामंडळाच्या अध्यक्षीणबाई समोर उभ्या. मी ताडकन उठले.

"तुम्ही इथं कशा?" माझ्या तोंडून निघालं.

"आम्ही नेहमी येतो. आमच्या घरच्यांना तुमच्या नणंदेच्या गाण्याचं वेड आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत..."

"अहो, अख्ख्या मंडळाला माहीत आहे. तुम्ही टेलिफोनवर म्हणता म्हणून आम्हीही टेलिफोनवर म्हणतो. कशाला उगाच कुणाला अवघडवायचं?" त्यांनी माझा हात थोपटला. "पण छान गातात हो टेलिफोनवर."

त्या गेल्या. यांचे कान लाल झाले होते. ज्यांच्यापासून आम्ही इतकी वर्षं झाकत होतो, तीच माणसं आमची लाज सांभाळून घेत आली होती. उघडं पडण्यापेक्षा हे जास्त लागलं. मला वाटलं, आता हे उठतील. पण तेवढ्यात वन्सं आल्या. साधा निळा पोशाख, आखूड कापलेले पांढरे केस. चष्मा काढून त्यांनी पियानोवर ठेवला आणि काही न बोलता गायला लागल्या.

पहिलं गाणं यांनी सुपाकडे बघत ऐकलं. दुसऱ्याला चमचा खाली ठेवला आणि खुर्ची थोडी खांबाबाहेर सरकवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. तिथं एक पोरगा दिसत होता, ज्याला मोठ्या बहिणीनं काहीतरी दाखवायला बोलावलं आहे. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, असंच राहू दे.

तिसऱ्या गाण्यात वन्संनी सगळे शब्द एकदा म्हटले. मग शब्द सोडले. "दू बा," त्या म्हणाल्या, "बा दू दा, दू बा," आणि डोळे मिटून तसंच पुढे, भराभर. ट्रम्पेटवाला त्यांना उत्तर द्यायला लागला. पियानोवाल्यांनी नंतर मला समजावलं की त्या गाण्यात असंच असतं. शब्द सांगून झाले की गळाही एक वाद्य होतो, मग त्याला अर्थाचं ओझं नको. ऐकणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आम्हा दोघांनाच नव्हतं.

यांची खुर्ची मागे पडली. मी हात धरायच्या आत हे टेबलांमधून धावत होते. एका वेटरच्या हातचा ट्रे कलंडला. हे मंचावर चढले आणि त्यांनी वन्संचा दंड धरला.

"ताई, बस. बस खाली. बोलू नकोस, ताई. कुणीतरी डॉक्टरांना..."

समोरच्या माइकमधून ते सगळं दालनभर ऐकू गेलं. लोकांना वाटलं, शेवटच्या दिवसाची गंमत आहे. ते हसले. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

वन्सं गायच्या थांबल्या होत्या. आधी त्यांना काही कळलं नाही, मग कळलं. मला ते खांबाआडून स्पष्ट दिसलं. त्यांनी यांच्या गालावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "हसू नका."

हसणं थांबलं.

"हा माझा धाकटा भाऊ आहे. आमच्या आईचे शब्द एक दिवस असेच गेले होते." मग माइक बाजूला करून त्या यांना काहीतरी म्हणाल्या. हे मला नंतर म्हणाले की ती म्हणाली, "छोट्या, मी बरी आहे. हे गाणंच असं असतं. जा, बस, पुढचं ऐक."

हे तिथंच उभे राहिले. हसायचं नव्हतं तेव्हा एकदा हसले होते, आता धावायचं नव्हतं तेव्हा धावले. आणि ज्या बहिणीला त्यांनी चारचौघांत कधी बहीण म्हटलं नव्हतं, तिनं भरल्या दालनात माइकवरून त्यांना भाऊ म्हटलं. हे मंचावरून उतरले. आमच्या टेबलाजवळून गेले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ दारातून बाहेर.

मी पर्स उचलली. मंचावरून वन्संनी मला तळवा दाखवला. बस. इतक्या माणसांतून फक्त माझ्याकडे बघून, सोमवारी चहाला थांबवायच्या तशा. मी बसले.

ड्रमवाला थांबला नव्हता. ते माणसाएवढं उभं व्हायोलिनही बारीक आवाजात चालूच होतं, जणू वन्सं पाणी प्यायला गेल्या आहेत आणि आता येतील. त्या जिथं थांबल्या होत्या तिथून पुन्हा निघाल्या, आणि मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. ते कसं होतं ते मला सांगता येत नाही. एवढंच सांगते की मी प्रार्थनेला बसते तेव्हा देवाला काय काय सांगायचं याची मला घाई असते, आणि त्या बाईला कसली घाई नव्हती. ठोका पुढे जायचा, त्या जाऊ द्यायच्या. माझा नवरा बाहेर रस्त्यावर तोंड लपवून उभा होता आणि मी आत बसून सुखात होते. हे सुख मला अजून नीट ठेवता येत नाही, कुठं ठेवू?

बाहेर हे बस थांब्यावर सापडले.

"संपलं?"

"संपलं."

"पुढे नीट गायली?"

"गायल्या."

बस आली, आम्ही चढलो.

आठ-दहा दिवसांनी हे वन्संच्या खोलीवर गेले, मलाही बरोबर नेलं. वन्सं एका मुलीला शिकवत होत्या. ही मुलगी दवाखान्यात नर्स होती, कामावरून तशीच आली होती. तिनं एक ओळ म्हटली. वन्सं म्हणाल्या, "हे माझं झालं. माझा गळा माझ्याकडे राहू दे, तू तुझा घेऊन ये. जा, उद्या बघू." मुलगी हसत हसत जिना उतरली. तिला रोजची सवय असावी.

मग खोलीत आम्ही तिघंच. हे बुटांकडे बघत म्हणाले,

"ताई, मला वाटलं आईसारखं..."

"माहीत आहे मला."

"आता एकदा म्हण ना. ते पुढचं."

"इथं? एकटीनं?" वन्संनी मान हलवली. "राग नाही रे. येतच नाही तसं. मी ठोक्याच्या मागे राहते. ठोका द्यायला कुणी नसेल तर मागे राहू कशाच्या?"

मग त्यांनीच मार्ग काढला. पियानोवाल्यांच्या घरी बँड जमवायचा, सगळे जवळपासच राहतात, एका रविवारी दुपारी. पाहुणे नाहीत, फक्त आम्ही दोघं. हे हो म्हणाले. रविवार आला तेव्हा म्हणाले, गुडघा दुखतोय. दुसऱ्यांदा ठरलं तेव्हा कुणीतरी भेटायला येणार होतं, आलं नाही. तिसऱ्यांदा वन्सं स्वतः आल्या.

"खरं काय ते सांग."

"ते सगळे तिथं असतील ना," हे म्हणाले. "त्यांनी मला पाहिलंय."

"काय पाहिलंय? बहिणीसाठी धावलेला माणूस पाहिलाय."

"थोडे दिवस जाऊ देत, ताई. येतो नक्की."

"माझं म्हातारीचं तुझ्या थोड्या दिवसांशी कसं जमायचं?" वन्सं म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या, आणि चहा घेतला. मी तेव्हा यांना दंडाला धरून न्यायला हवं होतं.

थंडी पडली आणि वन्संना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ती नर्स मुलगी सारखी त्यांच्याजवळ होती. त्यांची छाती भरली होती, बोलायला त्रास व्हायचा, पण शब्द नीट होते. यांना म्हणाल्या, "पियानोवाल्याला सांग, रविवार रद्द." दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

भेटायला इतकी माणसं आली की चप्पल दुरुस्तीवाल्याला दुकान बंद ठेवावं लागलं. जिन्यावर रांग होती. प्रार्थनामंडळ झाडून आलं. हे दाराशी उभे होते आणि जो येईल त्याला म्हणत होते, "मी भाऊ. गाणाऱ्या बाईंचा भाऊ." लोक म्हणायचे, "हो हो, माहीत आहे." यांना वाटत होतं आपण काहीतरी कबूल करतो आहोत. लोकांना त्यात काही नवं नव्हतं.

त्यानंतर यांना एकच नाद लागला. वन्संच्या जितक्या शिष्या होत्या त्या जिथं जिथं गातात तिथं हे जायला लागले. कुणी लहानशा कॅफेत, कुणी शाळेच्या सभागृहात, ती नर्स तर दवाखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात. मीही जायची. मुली छान गायच्या. एक खालच्या पट्टीत, जाडसर आवाजात. एक जणू कानात सांगते आहे अशी. नर्स तर ठोक्याच्या पुढे पुढे पळायची आणि लोक खूश व्हायचे. कुणाच्याही गळ्यात वन्सं सापडल्या नाहीत. त्यांनी स्वतःला तिथं राहूच दिलं नव्हतं. दर वेळी गाणं संपलं की हे टाळ्या वाजवायचे, त्या मुलीला "शाबास" म्हणायचे आणि परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसायचे.

परवा दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे आले आणि समोर बसले.

"ते तिसरं गाणं. मी बाहेर गेल्यावर तिनं कसं म्हटलं?"

"चांगलं म्हटलं."

"चांगलं म्हणजे कसं? तू होतीस ना तिथं? म्हणून दाखव."

"मला कुठं येतंय?"

"जेवढं येतं तेवढं."

मी उशीचा अभ्रा खाली ठेवला आणि म्हणून पाहिलं. "दू बा, बा दू दा." माझ्या तोंडून ते प्रार्थनेसारखं निघालं, प्रत्येक अक्षर ठोक्यावर. हे डोळे मिटून ऐकत होते.

"असं होतं?"

"नाही. असं नव्हतं. त्या जरा मागे राहायच्या."

"किती मागे?"

मी पुन्हा म्हटलं, मुद्दाम थांबून थांबून. ते तर अडखळल्यासारखं झालं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी पुन्हा घड्या घालायला घेतल्या.

"तुला आवडलं होतं?" यांनी विचारलं.

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना बाहेर ठेवून मला आत आवडलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"हो," मी म्हटलं. "फार आवडलं होतं."

यांनी मान हलवली. रागावले नाहीत. माझ्या हातातला टॉवेल घेऊन त्यांनी त्याची घडी घातली, चुकीची, मी नंतर ती मोडणार हे त्यांना माहीत असूनही.

"मग लोकांना तूच सांग ती कशी गायची ते," हे म्हणाले. "मी काय सांगू? मी ऐकलंच नाही."